एक हजाराच्या पुढे

४ मार्च

दादा,

आई म्हणाली, "आधी नमस्कार लिही, मग काय ते भांड." मला दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून सरळ लिहितो. फोन तू उचलत नाहीस. पाकिटावर मागे माझं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, निदान कोणाचं आहे ते बघायला तरी उघडशील.

दुकान बरं चाललंय, म्हणजे काका खूश आहेत. तू होतास तोवर आपण नव्या जोडप्यांना सहा आकडी मूळ संख्या विकायचो, प्रत्येकाला वेगळी, पितळेवर कोरलेली, आणि खाली तू रचलेली ओळ: 'एक आणि स्वतःशिवाय हिला कोणीही भागू शकत नाही.' आता काकांनी नवीन टूम काढली आहे. गिऱ्हाइकाची जन्मतारीख सलग लिहायची आणि तुझ्या प्रोग्रॅममध्ये घालायची. हिरवा चौकोन आला की मूळ, लाल आला की नाही. लाल आला तर काका लग्नाची तारीख विचारतात, मग पहिल्या भेटीची, मग घरातल्या कुत्र्याची. काहीतरी हिरवं निघतंच.

प्रमाणपत्रावर गुणधर्म अजून मीच छापतो. विषम. वर्ग नाही. घन नाही. अंकांची बेरीज अमुक. मूळ. 'न्यून संख्या' हे शब्द मात्र काकांनी काढायला लावले. मी त्यांना समजावलं, ज्या संख्येच्या तिच्याहून लहान विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरते तिला न्यून म्हणतात, प्रत्येक मूळ संख्या न्यूनच असते, त्यात वाईट काही नाही. काका म्हणाले, "मुलीच्या बापाला सांगू का, तुमची लेक न्यून आहे म्हणून? खोड." खोडलं.

प्रमाणपत्र देताना काका बोटाला थुंकी लावून कागद सुटा करतात. कोपऱ्यावर एक ओली खूण राहते. ती सुकेपर्यंत मला दुसरीकडे बघता येत नाही. गिऱ्हाईक तोच कागद छातीशी धरून जातं. संध्याकाळी मी कोपरापर्यंत हात धुतो, तरी पॉलिशचा वास जात नाही. भाकरीला पितळेची चव येते.

गेल्या आठवड्यात एक म्हातारे शिंपी आले होते. बायको नुकतीच वारली. तिची जन्मतारीख ८-०२-१९४७, म्हणजे संख्या झाली ८०२१९४७. घातली आणि पहिल्याच फटक्यात हिरवी. म्हातारबुवांचा चेहरा असा उजळला की जणू बायको परीक्षेत पास झाली. पाटी मी कोरली. शुद्धलेखन दोनदा तपासलं, अंक तीनदा. शिलाई मशीनच्या लाकडी फळीवर बसवणार आहेत.

आईचं ठीक आहे. माझंही ठीक आहे.

तुझा,
धाकटा

२१ मार्च

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही.

शिंपीआजोबा परत आले होते. मला वाटलं पाटीत काही खोट निघाली. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"पोरा, ही खरंच भागली जात नाही, हे माणसाला हातानं बघता येतं का?"

"येतं की. दोननं भागायचं, तीननं, पाचनं, सातनं. एकेक मूळ संख्या घेत जायचं. प्रत्येक वेळी बाकी उरली पाहिजे."

"आणि थांबायचं कुठे? जन्मभर?"

शाळेत नववीपर्यंत जे शिकलो त्यातलं हे एक डोक्यात पक्कं आहे. ज्या संख्येचा वर्ग हिच्या पुढे जातो तिथे थांबायचं, कारण भाग जायचाच असेल तर दोघांतला धाकटा भाजक त्याच्या आत सापडतोच. मी गुणाकार करून सांगितलं, २८३३ चा वर्ग पुढे जातो, त्याच्या आतली शेवटची मूळ संख्या २८१९. तिथवर बाकी उरत गेली की झालं.

"म्हणजे बरेच दिवस पुरेल," आजोबा म्हणाले. मी त्यांना तिथवरच्या मूळ संख्या एका कागदावर काढून दिल्या.

त्यांना नुसता वेळ घालवायचा नाही, हे मला नंतर कळलं. आजी गेल्या त्याच्या आधी चार वर्षं त्यांची आठवण गेली होती. दोघं एकाच मशीनवर आळीपाळीनं शिवायची. "हिचं बटणांपासून सुरू झालं," ते म्हणाले. "सात लावायची आणि म्हणायची सहा लावली. मी हसायचो. शेवटी शेवटी मलाच विचारायची, शिंपी कधी येणार." मग म्हणाले, "आता मी रोज भागाकार करतो. मग ताळा करतो. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. जुळलं की कळतं, आज तरी मी ठीक आहे."

त्यांची मुलगी दातांची डॉक्टर आहे. ती एकदा त्यांना न्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "बाबा, गॅसवर दूध ठेवून आलात. शेजारच्या काकूंनी बंद केला. पातेलं काळंठिक्कर पडलंय." आजोबा माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला बघवलं नाही.

ते गेल्यावर काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "म्हाताऱ्याला चांगला धंदा लावून दिलास. आता मरेपर्यंत भागत बसेल." बिस्किट तुटून चहात पडलं. त्यांनी ते दोन बोटांनी काढून खाल्लं आणि त्याच बोटांनी पुढचं प्रमाणपत्र उचललं.

धाकटा

९ मे

दादा,

हे पत्र नीट वाच. तुझ्याकडून एक ओळ हवी आहे.

आज सकाळी शिंपीआजोबा आले. दाढी केलेली नव्हती. दुकानात एक जोडपं बसलं होतं, दोघांच्या हातात शीतपेयाची एकच बाटली. आजोबांनी काउंटरवर कागद ठेवला आणि हळूच म्हणाले, "एक हजार तेरानं भाग गेला."

काका म्हणाले, "कशाला भाग गेला?"

"तिला. बाकी शून्य. ताळाही जुळतोय. पण असं कसं होईल? तुम्ही तर मशीनवर तपासलंत."

जोडप्यातली मुलगी आपल्या पाटीकडे बघायला लागली. काकांनी ते बघितलं. लगेच त्यांचा आवाज गोड झाला, गिऱ्हाइकासाठी ठेवतात तो. त्यांनी स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला, ८०२१९४७ घातले आणि हिरवा चौकोन आला.

"हे बघा आजोबा. आता तुम्हीच सांगा."

"पण मी तीनदा केलं."

"तीनदा काय, तीनशेदा करा. वय झालं की होतं असं. मशीनला विस्मरण होत नाही." मग जोडप्याकडे वळून म्हणाले, "घरी आजी पण अशाच होत्या म्हणे." मुलगा हसला. मुलगीही हसली, तिची सुटका झाली होती.

आजोबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना मला म्हणाले, "ज्या डोक्यानं भागलं, त्याच डोक्यानं ताळा केला ना मी. मग तो जुळणारच." मी काउंटरच्या मागे उभा होतो. हातात फडकं होतं. मी पाटी पुसत राहिलो.

दुपारी काका वर झोपायला गेल्यावर मी १०१३ ला ७९१९ ने गुणलं. ८०२१९४७. पुन्हा गुणलं, उलटं. तेच.

मग तुझा प्रोग्रॅम उघडला. मला त्यातलं फार कळत नाही, पण ती ओळ कळली. दोनपासून एक हजारापर्यंत भागून बघ, भाग गेला नाही तर हिरवा. एक हजारावर संपतं. सहा आकड्यांना ते पुरायचं, कारण हजाराचा वर्ग सात आकडी आहे. सात आठ आकडी तारखांना कसं पुरेल? आजोबांना २८१९ पर्यंत जा म्हणून मीच सांगितलं, आणि मशीन कुठवर जातं ते बघायचं मलाच सुचलं नाही. हजाराच्या आतल्या सगळ्यांनी तिला बाकी ठेवली. ९९७ नं पंच्याऐंशी ठेवली. त्याच्या पुढची मूळ संख्या १००९, आणि तिच्या पुढचीच १०१३. मशीन जिथे थांबलं त्याच्या जरासं पुढे एक म्हातारा हातानं चालत गेला, आणि आपण त्याला वेडा ठरवलं.

काकांना सांगितलं. आधी त्यांना कळलं नाही. कळल्यावर म्हणाले, "मग? पाटी भिंतीवरून खाली पडते का?"

"खोटं आहे ते. किती लोकांच्या घरी..."

"हळू बोल. कोण बघायला जातंय? आणि तुझं कोण ऐकणार, नववी नापास?" मग वर बोट दाखवलं. वरच्या खोलीत आई झोपली होती. "ती खोली कुणाची आहे ते एकदा आठव."

मी फडकं उचललं आणि पुन्हा पाट्या पुसायला लागलो.

दादा, तू एक ओळ लिही. 'हा प्रोग्रॅम एक हजारापर्यंतच तपासतो.' खाली सही कर. तू पदवी घेतलेला आहेस, प्रोग्रॅम तुझा आहे. ती मी आजोबांना दाखवीन. बाकी काही नको.

धाकटा

२८ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. अखेर. खाली उतरवून काढतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही दुसऱ्याच्या अक्षरात वाचता येईल.

'तुझी पत्रं मिळाली. प्रोग्रॅम सहा आकड्यांसाठी होता. पुढे तो कोणी कशासाठी वापरला त्याच्याशी माझा संबंध नाही. मी आता जिथे काम करतो तिथे असल्या गोष्टींची चौकशी होते. या प्रकरणाला मला जोडू नकोस. आईला जप.'

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. म्हणूनच शिसारी आली. काकांचं खोटं निदान वास मारतं, ते लांबून कळतं. तुझ्या खऱ्याला कसलाच वास नाही.

आता इथलं ऐक. परवा डॉक्टरताई दुकानात आल्या. त्यांना प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी होती. म्हणाल्या, "बाबा स्वतःच म्हणतात, माझंही सुरू झालंय. आईच्या वेळी आम्ही उशीर केला. या वेळी करायचा नाही." वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. पंधरा जूनला सोडायचं. शिलाई मशीन तिथे नेता येत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला त्यांना कागद हवा होता: मशीन म्हणतं भाग जात नाही, बाबा म्हणतात जातो.

काकांनी प्रत छापली. शिक्का मारायला मला सांगितलं. शिक्क्याची शाई संपत आली होती, काकांनी पॅडवर थुंकून ती पातळ केली. मी शिक्का मारला, दादा. सरळ, चौकटीत, कुठे शाई पसरू न देता. माझं काम नेहमी स्वच्छ असतं.

ताई म्हणाल्या, "थँक्यू हं." मी म्हणालो, "ताई," आणि काकांनी खाकरून घसा साफ केला. मी पॅडचं झाकण लावलं.

रात्रभर आई विचारत होती, काय झालं. शेवटी सगळं सांगितलं. तिनं भिंतीला हात लावून बघितला. मग म्हणाली, "या खोलीत तशी ओलच फार आहे."

मला आधी कळलं नाही ती काय म्हणतेय. मग कळलं.

धाकटा

१२ जून

दादा,

आज सुट्टीचा दिवस. शिंपीआजोबांकडे गेलो. दुसरा मजला, दारावर अजून 'ब्लाउज एक दिवसात' असा पत्रा आहे. आत अर्ध्या वस्तू खोक्यांत भरलेल्या होत्या. भिंतीवर कात्र्या लटकवायचे खिळे रिकामे होते. मशीन खिडकीपाशी तसंच, आणि त्यावर माझी पाटी. इतकी चकचकीत की मला तिच्याकडे बघवेना.

आजोबा मला बघून खूश झाले. हेच मला सहन झालं नाही. "बरं झालं आलास. मला तुला काहीतरी दाखवायचंय." त्यांनी उशीखालून कागद काढले. १०१३ नं भागाकार, पुन्हा पुन्हा केलेला. सगळीकडे शून्य बाकी, आणि प्रत्येकावर रागानं मारलेली काट. शेवटच्या कागदावर काट नव्हती. तिथे बाकी चार होती.

"बघ, आलं. काल आलं. उरले चार. म्हणजे अजून अगदीच गेलेलो नाही मी."

मी तो कागद बघितला. शेवटून दुसऱ्या ओळीत, ९११ च्या पुढे सात खाली घ्यायचे होते. त्यांनी सातावर गिरवून त्याचा एक केला होता, मग वजाबाकी जुळेना म्हणून पुढे दोन ठिकाणी खाडाखोड केली होती. बरोबर आलेलं गणित त्यांनी मशीनशी जुळावं म्हणून हातानं मोडलं होतं. आणि माझ्याकडे बघत होते, शाबासकीसाठी.

दादा, काकांच्या थुंकीची मला इतके दिवस किळस होती. पण तो कागद माझ्याच शिक्क्यानं तयार झाला होता.

मी म्हणालो, "आजोबा, हा चुकलाय. आधीचे सगळे बरोबर आहेत."

तेवढ्यात ताई आतून आल्या, हातात सेलोटेप. "काय चाललंय? तुम्ही त्या दुकानातले ना? कृपा करून आता हा विषय काढू नका. मोठ्या मुश्किलीनं शांत झालेत ते."

"ताई, मशीन चुकतं. ते एक हजाराच्या पुढे बघतच नाही."

"तुम्ही त्यातले जाणकार आहात का?"

"नाही. नववीपर्यंत शिकलोय."

"मग?"

"म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. मशीनवर पण नको. तुम्ही स्वतः गुणा. एक हजार तेरा गुणिले सात हजार नऊशे एकोणीस. मोबाइलवर करा, नाहीतर हातानं."

दात दुखतो म्हणून येऊन तोंडच न उघडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल न घेता, खोक्यावरचं मार्कर पेन घेतलं आणि खोक्यावरच गुणाकार मांडला. बहुतेक मला लवकर घालवावं म्हणून. सात हजार नऊशे एकोणीस तिनं. एकनं. शून्य सोडलं. पुन्हा एकनं. बेरीज करताना त्यांचा हात मंद होत गेला. खाली उत्तर आलं तेव्हा ताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या, मग मशीनवरच्या पाटीकडे.

"थांबा, पुन्हा करते," त्या म्हणाल्या, आणि खोक्याच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा केला.

आजोबा उठून आले. खोक्यासमोर उकिडवे बसले. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, ओठ हलत होते. "हातचा इथे दोन घ्यायचा राहिलाय तुझा," ते म्हणाले. "मग नंतर बरोबर कसा आला?"

"नंतर लक्षात आलं, बाबा. वरून मिळवला."

"मग तिथेच लिहायचा असतो. शाळेतही असंच करायचीस."

ताई खाली बसल्या, खोक्यांच्या मध्येच, फरशीवर. थोड्या वेळानं त्यांनी फोन लावला आणि कोणालातरी म्हणाल्या, "पंधरा तारखेचं रद्द करा. नाही, पुढची तारीख नको. रद्द." आवाज असा होता की पलीकडच्या माणसानं कारण विचारलं नसावं. फोन ठेवून त्या बापाला म्हणाल्या, "दुधाचं मात्र माझं खरं होतं हं."

"दूध उतू जातं, बाई. तुझी आई धडधाकट होती तेव्हाही जायचं."

मला वाटलं आता सगळं संपलं. मी उठलो. तेव्हा आजोबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

ते गादीवर पसरलेले, काट मारलेले कागद गोळा करायला लागले, एकावर एक, कडा जुळवून. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तू नको."

मग म्हणाले, "मी रोज झोपताना हिचं नाव म्हणून बघत होतो. सकाळपर्यंत राहील का म्हणून. आणि तू खाली दुकानात पाट्या पुसत होतास."

"हो, आजोबा."

"जा आता."

मी गेलो. जिन्यावर असताना वरून त्यांचा आवाज येत होता, कात्र्या कुठल्या खोक्यात टाकल्यास, मोठी कुठली, छोटी कुठली, नीट गुंडाळल्यास की नाही. ताई काहीतरी उलट बोलत होत्या. त्या घरातून भांडणाचा आवाज येत होता आणि मी जिन्यातच उभा राहून ऐकला.

उद्या दुकान उघडलं की हजाराच्या पुढे तपासून, ज्यांच्या पाट्या खोट्या आहेत त्यांना एकेक करून सांगणार आहे. काकांनाही आधी सांगेन, पाठीमागून नाही. आईनं पेटी भरून ठेवली आहे. तुझे दोन स्वेटर त्यात नाहीत, ते इथेच राहतील.

तुझं ते पत्र आज माझ्या खिशात होतं. 'प्रोग्रॅम सहा आकड्यांसाठी होता' हे त्यात तुझ्या हातानं लिहिलेलं आहे. ताईंनी गुणाकार मान्य केला नसता तर काढणार होतो, तुला आवडो न आवडो. ते काढावं लागलं नाही. या प्रकरणाला तुला कोणी जोडलेलं नाही. तिथे तुझी कोणाला गरजच पडली नाही.

नवा पत्ता मिळाला की आई कळवेल. मी लिहिणार नाही.